माळ कोणाचा, काळवीट कोणाचे?

वाघासाठी ताडोबा आहे, गव्यासाठी चांदोली आहे. मग आमच्या गावच्या माळावर जी काळविटे चरतात, जो लांडगा रात्री ओढ्याकाठून जातो, त्यांची जबाबदारी कोणाची? सोलापूर, अहिल्यानगर, बीड किंवा पुणे जिल्ह्याच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात हा प्रश्न कुठेही ऐकायला मिळतो. विचारणाऱ्यांची कारणे वेगवेगळी असतात. कोणाची कोवळी ज्वारी रात्रीतून खाल्ली गेलेली असते, कोणा मेंढपाळाचे कोकरू लांडग्याने नेलेले असते, तर कोणाला गावचे गायरान एखाद्या प्रकल्पाकडे जाईल अशी धास्ती असते. तिघांनाही जाणून घ्यायचे असते ते एकच: इथे सरकार म्हणजे नेमके कोण आणि त्याने काय करायला हवे?

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. त्यातला सुमारे एक पंचमांश भाग सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेला आहे. सहा राष्ट्रीय उद्याने आणि सगळी अभयारण्ये मिळून होणारे क्षेत्र त्याहूनही बरेच कमी. उरलेला महाराष्ट्र म्हणजे शेते, माळ, ओढे, तळी, डोंगरउतार आणि वस्त्या. तिथेही वन्यजीव राहतात, पिल्ले वाढवतात आणि माणसांच्या वाटेत येतात. त्यांच्याविषयीची सरकारची जबाबदारी आपण या प्रकरणात पायरीपायरीने समजून घेऊ.

१. संविधानाने दिलेले काम

१९५० साली संविधान लागू झाले तेव्हा त्यात वन्यजीवांच्या रक्षणाला वाहिलेले स्वतंत्र कलम नव्हते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दोन कलमे आली. कलम ४८-क नुसार पर्यावरणाचे संरक्षण आणि वने व वन्यजीवांचे रक्षण यांसाठी झटणे हे राज्यसंस्थेचे काम आहे. कलम ५१-क (छ) नुसार वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्राविषयी दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. याच दुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यांवर कायदे करता येतात. प्रत्यक्ष रानात फिरणारा वनरक्षक मात्र राज्य सरकारचाच असतो.

कलम ४८-क हे मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या आधारावर न्यायालयात दाद मागता येत नाही. ही उणीव न्यायालयांनी हळूहळू भरून काढली. हिमाचल प्रदेशात मनालीजवळ एका हॉटेलच्या बचावासाठी बियास नदीचा प्रवाह वळवला गेला होता. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नद्या, वने, किनारे यांसारखी नैसर्गिक संपत्ती सरकारच्या मालकीची नाही. सरकार तिचे विश्वस्त आहे.

देवस्थानाच्या जमिनीचे उदाहरण घेतले की हे चटकन लक्षात येते. विश्वस्त ती जमीन सांभाळतात, कसायला देतात, उत्पन्न जमा करतात; पण परस्पर विकू शकत नाहीत, स्वतःच्या कामाला लावू शकत नाहीत आणि हिशेब मागितला तर तो द्यावा लागतो. नदी, जंगल आणि माळ यांच्या बाबतीत सरकारचे स्थान हेच आहे. लाभार्थी आपण सगळे, आणि पुढच्या पिढ्याही.

२. जीव सगळीकडे सुरक्षित, जागा दप्तरापुरती

आता मुख्य कायद्याकडे येऊ. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा या विषयाचा कणा आहे. त्याचे दोन भाग वेगळे करून पाहिले की सगळा गुंता समजतो.

पहिला भाग प्राण्याविषयी. काळवीट, चिंकारा, लांडगा, माळढोक हे सगळे या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना सर्वात कडक संरक्षण आहे. त्यांची शिकार कुठेही गुन्हा आहे, मग प्राणी अभयारण्यात असो, उसाच्या फडात असो की डांबरी रस्त्यावर. शिकारीच्या व्याख्येत पकडणे, सापळा लावणे, जखमी करणे हेही येते आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणेही येते.

दुसरा भाग जागेविषयी. इथे संरक्षण आपोआप मिळत नाही. सरकारने अधिसूचना काढून एखादे क्षेत्र अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान ठरवले, तरच तिथल्या अधिवासाला हात लावण्यासाठी वन्यजीव कायद्याची परवानगी लागते. जमीन वन म्हणून नोंदलेली असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आड येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने हा कायदा खऱ्या अर्थाने वन असलेल्या कोणत्याही जमिनीला लागू झाला, मग तिचा मालक कोणीही असो. पण ज्या माळावर झाडेच विरळ आहेत, त्याला या आदेशाचा आधार मिळणे अवघड होते.

परिणाम असा की माळावरच्या चंडोलाचे अंडे फोडणे गुन्हा आहे. पण तोच माळ, वनजमीन किंवा अभयारण्य नसेल तर, नांगरून टाकायला वन्यजीव कायद्याची परवानगी लागत नाही. अंडे वाचले आणि अंडे घालायची जागा गेली, तर पक्षी वाचला असे म्हणता येणार नाही. गावाकडच्या वन्यजीवांच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका फटीत आहे.

३. एका काळविटाचा एक दिवस

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एक काळवीट दिवसभरात चार जागी जाते.

पहाटे ते वनखात्याच्या गटात चरते. इथे जमीन आणि प्राणी दोन्ही वनखात्याकडे आहेत. वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी अशी साखळी आहे. कुंपण तुटले, वणवा लागला, शिकारी आले, तर कोणाला बोलवायचे हे ठरलेले आहे.

सकाळी ते शेजारच्या गायरानात उतरते. प्राण्याची जबाबदारी अजूनही वनखात्याचीच, पण जमीन महसूल खात्याची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवू शकतात आणि त्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. रोजची देखरेख ग्रामपंचायतीकडे असते. म्हणजे एकाच जागी तीन कार्यालये.

दुपारी ते खासगी शेतात शिरते. शेतकरी त्याला हुसकावू शकतो, मारू शकत नाही. पिकाचे नुकसान झाले तर ठरलेल्या मुदतीत वनखात्याकडे अर्ज, पंचनामा आणि मग भरपाई, असा मार्ग आहे. शेतकऱ्याची जमीन त्याचीच राहते. प्राणी जगवण्याचा खर्च मात्र समाजाने उचलायचा, हे भरपाईमागचे तत्त्व.

संध्याकाळी ते रस्ता ओलांडते. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा. रस्ता रुंद करताना प्राण्यांसाठी भुयारी वाट ठेवायची की नाही, हे बहुतेक वेळा आराखड्याच्या टेबलावरच ठरून गेलेले असते.

चार जागा झाल्या आणि प्राणी एकच. त्याच्यावरचा कायदा चारही ठिकाणी तोच, पण पायाखालच्या जमिनीचा निर्णय प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कार्यालयात होतो. काळविटाचे काय होईल हे वनखात्याइतकेच महसूल, बांधकाम, ऊर्जा आणि कृषी ही खातीही ठरवत असतात. म्हणून कलम ४८-क फक्त वनखात्याला लागू आहे असे मानणे चुकीचे आहे. ते संपूर्ण राज्यसंस्थेला उद्देशून आहे.

४. माळ रिकामा नसतो

जागेचे संरक्षण दप्तरावर अवलंबून असेल, तर दप्तरात माळाची नोंद काय आहे हे पाहायला हवे. ब्रिटिश काळापासून महसुलाची नजर एकच होती: जमिनीतून पीक किंवा लाकूड किती निघते? माळातून दोन्ही फारसे निघत नाही, म्हणून तो पडीक. स्वातंत्र्यानंतरही ही नजर बदलली नाही. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात आजही खुरट्या झुडपांच्या मोकळ्या जमिनीचा समावेश होतो.

प्रत्यक्षात पर्जन्यछायेतला माळ ही पूर्ण वाढलेली, स्वतःच्या नियमांनी चालणारी व्यवस्था आहे. पावसाळ्यात पवना, मारवेल, कुसळी अशी गवते उभी राहतात. त्यांवर नाकतोडे येतात, नाकतोड्यांवर पक्षी. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून भोवत्या पक्षी येतात आणि रात्री गवतातच मुक्काम करतात. खोकड बिळे करते, काळवीट मोकळ्या नजरेच्या भरवशावर आणि वेगावर जगते. गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि कार्बन जमिनीखाली साठवतात. धनगरांचे कळप याच गवतावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

पडीक हा शिक्का बसला की दोन गोष्टी घडतात. पहिली, प्रकल्पासाठी जमीन शोधताना बोट आधी माळावर पडते. सौरऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसारची पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागत नाही, त्यामुळे माळावर काय जगते याची तपासणी न होताच काम सुरू होऊ शकते. दुसरी, चांगल्या हेतूने तिथे झाडे लावली जातात. २०१९ साली राज्याने ३३ कोटी वृक्ष लागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. डोंगर जिथे उघडे पडले आहेत तिथे झाडे हवीतच. पण गवताळ माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्पासारखी झाडे लावली की गवत मागे हटते, मोकळी नजर अडते आणि माळावरचे प्राणी निघून जातात. हिरवे दिसणारे प्रत्येक काम निसर्गाच्या भल्याचे असतेच असे नाही, हे धोरण ठरवणाऱ्यांनी समजून घ्यायची वेळ आली आहे.

५. नान्नजने शिकवलेला धडा

मग सरळ अभयारण्य जाहीर केले की झाले? महाराष्ट्राने हा प्रयोग माळढोकासाठी केला आणि त्याचा परिणाम प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सर्वात वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर १५ किलोंपर्यंत भरतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज परिसरात हे पक्षी आढळले आणि १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात वनजमीन थोडी होती. शेते, गावे, बाजारपेठा, रस्ते असे सगळेच हद्दीत आले.

कागदावर हे देशातल्या सर्वात मोठ्या अभयारण्यांपैकी एक होते. पण त्या हद्दीत राहणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ वेगळाच कळला. जमिनीचे व्यवहार, बांधकाम, लहान उद्योग यांत अडथळे आले. ज्या पक्ष्याला तो आजवर शेताच्या बांधावर पाहत आला होता, तोच पक्षी अडचणीचे कारण ठरला. त्याच काळात उजनी धरणाचे पाणी फिरले. ज्वारी, भुईमुगाच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा आल्या. सोनाका ही द्राक्षाची प्रसिद्ध जात याच नान्नजच्या शेतातून पुढे आली. शेतकऱ्याने पाणी मिळाल्यावर चांगले पीक घेतले यात त्याची काहीच चूक नाही. चूक होती ती व्यवस्थेची: बंधने हजारो चौरस किलोमीटरवर, आणि माळढोकाला लागणारे गवत व कोरडवाहू शेती टिकवणाऱ्याला मोबदला काही नाही.

पुढे अभयारण्याची हद्द घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. तोवर माळढोकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

याच्या शेजारी रेहेकुरी ठेवून पाहू. कर्जत तालुक्यातले हे काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर. हद्द नेमकी, जमीन वनखात्याची, देखरेख शक्य. इथे काळविटे टिकली. पण सव्वादोन चौरस किलोमीटरमध्ये कळप मावत नाही. तो आजूबाजूच्या शेतांत आणि गायरानांतच पोट भरतो. बाहेरचा माळ गेला तर आतले अभयारण्य एक मोठे कुंपण होऊन बसेल.

या दोन्ही अनुभवांचा निष्कर्ष एकच निघतो. लोकांना न विचारता ओढलेली मोठी रेषा टिकत नाही, आणि लहान रेषा एकटीने पुरत नाही. रेषेबाहेरच्या जमिनीविषयी सरकारचे धोरण काय, यावर रेषेच्या आतले यश अवलंबून असते.

६. तारा, सूर्य आणि न्यायालय

माळढोकाच्या गोष्टीला राजस्थान-गुजरातेत आणखी एक वळण मिळाले. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही. शरीर जड, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थर वाळवंटात दरवर्षी सुमारे १८ माळढोक वीजतारांना धडकून मरत असावेत. उरलेली संख्या दीडशेच्या आसपास असताना हे नुकसान भरून निघणे अशक्यच.

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातील तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आणि बाकीच्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावण्याचा आदेश दिला. केंद्र सरकारने अडचण मांडली: सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरवर उच्च दाबाच्या तारा पुरणे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे आणि सौरऊर्जेचे लक्ष्यही महत्त्वाचे आहे. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने आदेश बदलला, तज्ज्ञ समिती नेमली आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला.

इथे सरकारच्या दोन जबाबदाऱ्या समोरासमोर आल्या: कोळसा कमी करणे आणि एक पक्षी वाचवणे. दोन्ही खऱ्या आहेत. म्हणूनच जागेची निवड आधी व्हायला हवी. कोणत्या माळावर प्रकल्प चालेल आणि कोणत्या माळावर मुळीच नाही, याचा नकाशा जमीन देण्यापूर्वी तयार असेल, तर तारा उभ्या राहिल्यानंतर न्यायालयात धाव घ्यावी लागत नाही. हे काम न्यायालयाचे नाही, प्रशासनाचे आहे.

७. गावाला बरोबर घेणारे मार्ग

सुदैवाने कायद्यात मधले मार्ग आहेत; ते वापरले मात्र कमी जातात.

२००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात दोन नवे प्रकार आले. संवर्धन राखीव क्षेत्र हे सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी चर्चा करून जाहीर होते. त्याच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रातील संस्थांचे तीन प्रतिनिधी, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचाही प्रत्येकी एक प्रतिनिधी असतो. येवला तालुक्यातील ममदापूरचे काळवीट क्षेत्र याच प्रकारचे. दुसरा प्रकार सामुदायिक राखीव क्षेत्राचा. इथे गाव किंवा जमीनमालक स्वतः पुढे येऊन आपली जमीन संरक्षणाखाली आणतात. जमीन त्यांचीच राहते, फक्त तिचा वापर समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता यांशिवाय बदलत नाही.

त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनांचे रक्षण करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली तो मिळवून वाट दाखवली. गायरानांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याची योजना करा, असे त्यात सर्व राज्यांना बजावले आहे. केंद्राच्या वन्यजीव अधिवास विकास योजनेतही संरक्षित क्षेत्राबाहेरील वन्यजीवांसाठी स्वतंत्र भाग आहे.

कायदा आणि योजना दोन्ही आहेत. अडते ते भरपाईच्या वेगावर आणि लाभ कोणाला मिळतो यावर. भटक्या मेंढपाळाचा वाडा आज इथे, उद्या पुढच्या गावी. मेलेल्या कोकराजवळ पंचनाम्याची वाट पाहत थांबणे त्याला परवडत नाही. लांडगा वाचवायचा असेल तर नियम मेंढपाळाच्या चालीला जुळवून घ्यावे लागतील. पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिरसुफळ परिसरात माळरान सफारी सुरू केली आहे. स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून काम देणारे असे उपक्रम वाढले, तर माळ राखण्यात गावाचाही फायदा राहतो.

८. आपल्या गावात काय विचारावे

आता सुरुवातीच्या तिघांसाठी काही ठोस गोष्टी. जखमी किंवा अडकलेला वन्यप्राणी दिसला, पिकाचे किंवा जनावराचे नुकसान झाले, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकाशीही बोलता येते.

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न मांडावेत. आपल्या गावात गायरान आणि सरकारी माळ किती, कोणत्या गटांत, आणि त्यांचा वापर बदलण्याचा काही प्रस्ताव आहे का? जैवविविधता समिती कागदावरच आहे की तिची बैठक होते? नोंदवहीत माळावरचे गवत, पक्षी, प्राणी आणि मेंढपाळांच्या वाटा नोंदल्या आहेत का?

हे तीन प्रश्न साधे वाटतील, पण विश्वस्ताकडे हिशेब मागण्याची सुरुवात यांतूनच होते. तलाठ्याच्या दप्तरात जमीन पडीक असेल आणि नोंदवहीत त्याच गटावर काळविटांचा कळप, धाविकाची घरटी आणि कळपांची वाट लिहिलेली असेल, तर प्रकल्पाची फाईल पुढे सरकताना अधिकाऱ्याला त्या नोंदीचे उत्तर द्यावे लागते. सरकारची जबाबदारी संविधानाने केव्हाच ठरवली आहे. ती कोणत्या माळावर, कोणत्या हंगामात आणि कोणत्या जीवासाठी पार पाडायची, हे तिथे राहणाऱ्या माणसांनी लिहून दिले की तिच्यापासून पळवाट काढणे कठीण होते.